मागच्या दारावरचा डहाळा
कडुनिंबाचा वास आला की शेजारच्या काकींचं मागचं दार आठवतं. घरात कुणाला देवी आल्या की पुढच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधायचा, म्हणजे लोक लांब राहतील, अशी गावाची रीत. मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन काकींकडे घावणे खायला गेले, तेव्हा पुढच्या दारात लेकीच्या लग्नाचा मांडव होता, डहाळा नव्हता. आत त्यांचा मुलगा गोधडी ओढून निजलेला. "थंडीताप आसा," काकी म्हणाल्या. पंधरवड्याने भावाच्या अंगावर देवी उठल्या, आणि आईला काकींच्या मागच्या दाराला सुकलेला डहाळा दिसला. "देवीचो मान राखलंय ना! चेडवाचा लगीन मोडूचा होता काय?" काकीच उसळल्या. आईने आमचा डहाळा पुढच्या दाराला बांधला. भाऊ गेला, तरी काकी फिरकल्या नाहीत. लोकांना म्हणाल्या, "येव कशी? दारार डहाळो आसा!" इतक्या वर्षांनी मला भावाचा चेहरा नीट आठवत नाही, ते वाक्य मात्र आठवतं.