मेथीचं कुळ

२ ऑगस्ट. मेथीच्या दोन जुड्या निवडायला घेतल्या. माझी लेक मुक्ता समोर बसून न सांगता पानं खुडू लागली. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करताना ही मुलगी मला प्रत्येक भाजीचं कुळ ऐकवायची. मेथी फॅबेसी कुळातली, बटाटा वांग्याच्या. मी म्हणायचे, "भाजी निवड, वंशावळ नको."

आज ती नुसती पानं खुडत होती. एम.एस्सी.च्या शेवटच्या यादीतही तिचं नाव नव्हतं. बी.एड. कर, बँकेची परीक्षा दे, लॅबचा कोर्स कर, सगळं मी सुचवून पाहिलं. प्रत्येकाला ती "बरं" म्हणाली. भांडली असती तर मला धीर आला असता.

तेवढ्यात तिच्या आत्याचा, म्हणजे माझ्या वन्संचा, फोन आला. स्थळ चांगलं आहे, मुलाकडचे कुळ विचारतायत.

"फॅबेसी सांग," मुक्ता म्हणाली. मला हसू आलं. तिने मान वर केली नाही. "होच म्हण, आई. कुठेतरी प्रवेश मिळतोय ना."

अडल्या कामातून वाट काढणं हा माझा हातखंडा. इथे एकही वाट दिसेना. किती घरांत पदवी घेतलेल्या मुली अशाच पानं खुडत बसल्या असतील आणि समोर त्यांच्या आया, माझ्यासारख्याच, नुसत्या सुचवत!

३ ऑगस्ट. सकाळी मी वन्संना फोन करून नकार कळवला.

"मग पुढे काय करणार ती?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदाच बोलले.