गाडीचा पट्टा आणि तोंडाचा पट्टा

वहिनींच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबत नाही, असं सगळी आळी म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. तुटला तो दुसरा पट्टा, गाडीच्या इंजिनावरचा. शनिवारी गिऱ्हाइकाकडे पडद्यांचे गठ्ठे पोचवून परत येताना गाडीच्या पोटात फटकन काहीतरी वाजलं, स्टिअरिंग जड झालं आणि समोर लाल दिवा लागला. नशीब, घर कोपऱ्यावरच होतं. वहिनींनी अंगातलं सगळं बळ लावून गाडी फाटकातून आत घेतली, इंजिन बंद केलं आणि बॉनेट उघडलं. काळ्या रबराची चिंधी खाली लोंबत होती.

आत जाऊन त्यांनी यजमानांना सांगितलं. यजमान म्हणजे सगळ्यांचे दादा. त्यांचा चेहरा उतरला.

"मग आता द्यावी लागेल," ते म्हणाले.

कोणाला, हे विचारायची गरज नव्हती. दादांची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, तेव्हाच धाकट्या दिराने ती मागितली होती. वहिनी आडव्या आल्या. पन्नाशीला टेकलेली बाई हट्टाने गाडी शिकली. फाटकाचा खांब घासला, आळी पोट धरून हसली, तरी शिकली. पूर्वी पडदे शिवून तयार असायचे आणि ते पोचवायला कोणाला तरी सवड होईपर्यंत वहिनी दाराकडे बघत बसायच्या. आता त्या स्वतः हिंडायच्या, खिडक्यांची मापं घ्यायच्या, नवी कामं आणायच्या. दिराला ते पचेना. बायकोचंही मन राखायचं आणि भावाचंही, म्हणून दादांनी त्याला शब्द देऊन टाकला: गाडी चालतेय तोवर हिच्याकडे, बंद पडली की तुझी. दोन्ही डगरींवर हात ठेवणारा माणूस असलेच शब्द देतो.

वहिनी हात धुऊन आल्या तेव्हा दादा फोन ठेवत होते. "त्याला कळवलंतही?"

"त्याचाच फोन आला होता. खोटं कसं बोलू? उद्या सकाळी दोर घेऊन येतो म्हणाला, ओढून न्यायला."

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी गॅरेजवाल्याला फोन लावला.

"साहेबांना द्या फोन, मी समजावतो त्यांना," तो म्हणाला.

"साहेबांना काय समजावताय? गाडी मी चालवते."

"बरं, मग बघू पुढच्या आठवड्यात."

वहिनींनी फोन आपटला. "जन्मभर शिलाई मशिनचा पट्टा चढवणाऱ्या बाईला गाडीचा चढवता येत नाही, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?" त्यांनी घराला विचारलं. त्या तशाच तरातरा दुकानात गेल्या आणि गाडीचं मॉडेल सांगून नवा पट्टा मागितला. "बसवणार कोण?" दुकानदाराने विचारलं. "ज्याला हात आहेत तो," वहिनी म्हणाल्या.

रविवारी उजाडताच त्या कामाला लागल्या. मध्येच कोणी इंजिन सुरू करायला नको म्हणून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. इंजिनाच्या एका कडेला लहानमोठी चाकं होती आणि त्या सगळ्यांवरून एकच लांबलचक पट्टा सापासारखा फिरायचा. पण कुठून वर आणि कुठून खाली? बॉनेटखाली चिकटवलेलं चित्र उष्णतेने उडून गेलं होतं. वहिनींनी पट्टा उलटासुलटा करून पाहिला. एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर लांबीभर खाचा. चाकंही दोन जातींची, काही खाचांची, काही सपाट.

"कापडाची उलट-सुलट बाजू मला कोणी शिकवायची!" त्या पुटपुटल्या. "खाचांना खाचा, सपाटाला पाठ."

मग त्यांनी मापाची टेप त्या चाकांवरून फिरवली. टेप आणि पट्टा यांची लांबी जुळेपर्यंत वाट बदलत राहिल्या. अखेर जुळली. आता एकच अडचण उरली. पट्ट्याला ताण देणारं एक चाक स्प्रिंगवर बसलेलं होतं. ते पान्याने मागे ओढून धरायचं आणि तेवढ्यात पट्टा शेवटच्या चाकावर सरकवायचा. काम दोघांचं. दादा पायरीवर मान खाली घालून बसले होते.

"अहो, जरा धरता का?"

"मी शब्द दिलाय गं."

"मग तुम्ही शब्द धरून बसा. पाना मी धरते."

पान्यावर कोपराचा भार टाकून, ओठ चावत, त्यांनी एकटीने पट्टा चढवला. तेवढ्यात दिराची जीप आली आणि फाटकात आडवी उभी राहिली. दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून तो उतरला. वहिनींनी त्याच्याकडे न बघता किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, आणि पाठोपाठ अशी कर्कश किंचाळी सुटली की शेजारच्या खिडक्या उघडल्या.

दीर हसून हसून वाकला. "वहिनी, स्वतःच्या तोंडाचा पट्टा काढून बसवलात की काय? आवाज तोच आहे!"

वहिनींनी इंजिन बंद केलं. कान तापले होते, लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा राग जास्त. त्या पुन्हा वाकल्या. शेवटच्या चाकाशी रबराचा काळा भुसा पडला होता. चाकाची बाहेरची खाच रिकामी, आणि आतल्या अंगाला पट्ट्याची कड चाकाबाहेर अधांतरी आली होती. वहिनी क्षणभर बघत राहिल्या, मग स्वतःच खो खो हसल्या.

"मार्जिन सोडलंय मी! कडेला मार्जिन!"

शिवताना कापडाच्या अगदी काठावर टीप मारायची नाही, जरा जागा सोडायची, ही जन्माची सवय. हाताने न विचारता इथेही तेच केलं होतं.

चूक कळली, पण पाना पुन्हा ओढायला गेल्या तर दंडात बळच उरलं नव्हतं. चाक जागचं हलेना. दिराने घड्याळाकडे पाहिलं आणि दोर जमिनीवर टाकला. "पुरे झालं आता, वहिनी."

दादा पायरीवरून उठले. चाचपडत गाडीपाशी आले. "दे तो पाना."

"दादा, तू कशाला?" दीर म्हणाला. "तुला दिसत तरी आहे का?"

"डोळे गेलेत. हात नाही गेले." त्यांनी पाना दाबून धरला. वहिनींनी पट्टा एक खाच बाहेर ओढला आणि प्रत्येक चाकाच्या कडेवरून बोट फिरवून खात्री केली. दोघांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

वहिनींनी आत बसून किल्ली फिरवली. या वेळी इंजिन नुसतं घुमलं. लाल दिवा विझला. शेजारच्या खिडकीत कोणीतरी टाळी वाजवली.

"आज चालली," दीर म्हणाला. "उद्या परत बंद पडली की? शब्द दिलायस मला, दादा."

दादांनी बॉनेट बंद केलं, हात पुसले. "दिला होता. तिला न विचारता दिला होता, आणि ते चुकलं माझं. तो शब्द मी परत घेतोय. राग येईल तुला, येऊ दे."

ते गाडीला हात लावत लावत वळसा घालून गेले, दार उघडलं आणि वहिनींच्या शेजारच्या सीटवर बसले.

वहिनींना काहीतरी झणझणीत बोलायचं होतं, पण ते त्यांनी नंतरवर टाकलं. त्यांनी गिअर टाकला, काच खाली केली.

"भावजी, तुमची गाडी काढा फाटकातून. मला बाहेर पडायचंय."