गाडीवाल्या काकी आणि फिकं पाणी

गाडीवाल्या काकी पाणी आधी चाखायच्या आणि मग प्यायच्या. लग्नाचा मांडव असो, कुणाचं घर असो, नाहीतर पनवेलच्या एसटी स्टँडसमोरचं माझं दुकान असो, पेल्यात करंगळी बुडवायची, जिभेला लावायची आणि निकाल द्यायचा. "बोरिंगचं हाय. खारी जमीन तुमची." किंवा "टँकरचं. टाकी धुतलेली नाय." मी पहिल्यांदा पाणी दिलं तेव्हा त्यांनी त्याला यथेच्छ नावं ठेवली आणि मग ते गटागटा पिऊन टाकलं.

ही सवय आगरातली, म्हणजे मिठागरातली. खाडीकाठच्या गावात त्यांच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवलं होतं. वाफ्यातलं पाणी कितपत खारवलंय हे काकी जिभेवर ठरवायच्या. पुढे आगरावरून रस्ता गेला, मोबदला आला. गावातल्या इतरांनी बंगले बांधले, काकींनी बस घेतली आणि ती तळोज्याच्या एका कारखान्यात कामगारांच्या ने-आणीला लावली. भावकीने वेड्यात काढलं. "बंगला उभा ऱ्हातो, गारी पलते. मना पलनारी वस्तू पायजे," हे काकींचं उत्तर. नवरा लवकर गेलेला, मुलगा तेव्हा शाळेत. बाईच्या हिमतीची कमाल होती.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. डिप्लोमा केलेला, त्यामुळे गिऱ्हाइकाने अक्कल शिकवलेली मला खपत नसे. काकी शिकवायच्या नाहीत, पण स्टूल ओढून शेजारी बसायच्या आणि मी काहीही तपासलं की एकच प्रश्न विचारायच्या, "ह्ये बरोबर हाय. मग रायलं काय?" डोकं पिकवायच्या अगदी. पण खरं सांगतो, आज बिघाड सापडेनासा झाला की मी स्वतःला तेच विचारतो.

एका वर्षी त्या बसने काकींना रडकुंडीला आणलं. नव्या पद्धतीचं इंजिन, सगळा कारभार इलेक्ट्रॉनिक. रेडिएटर बदलून आणल्यापासून केव्हाही डॅशबोर्डवर लाल दिवा लागायचा, की कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं औषधी पाणी, कमी आहे, आणि थोड्या वेळात इंजिन आपोआप बंद. झाकण उघडून बघावं तर टाकी काठोकाठ भरलेली! कळंबोलीच्या पुलावर कामगार बिचारे उतरून रिक्षा शोधायचे. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी टाकीतला सेन्सर नवा घालून दिला, दिवा तसाच. शेवटी कारखान्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसरने बजावलं, उद्या पहिल्या शिफ्टला उशीर झाला तर परवापासून दुसऱ्याची गाडी. काकी तडक माझ्याकडे आल्या. "दादूस, आगर गेलं तवा मी डोल्यान पानी आनलं नाय. पन ही गारी बसली त आमी बसलो." त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला भीतीच वाटली.

त्या सेन्सरचं काम तसं सोपं असतं. त्याला धातूच्या दोन काड्या असतात. टाकीतलं पाणी दोन्हींना टेकलं की त्यातून बारीकसा करंट जातो आणि गाडीला कळतं की टाकी भरलेली आहे. मी सेन्सरचा प्लग काढला आणि तारेच्या तुकड्याने त्याची दोन टोकं जोडली. दिवा विझला. म्हणजे वायरिंग ठीक.

"मग रायलं काय?"

सेन्सर बाहेर काढून प्लग लावला आणि तो नळाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला. दिवा विझलेलाच राहिला. म्हणजे सेन्सरही ठीक.

"मग रायलं काय?"

सेन्सर पुन्हा टाकीत बसवला, आणि दिवा लागला! मी हात टेकले. "आता काही राहिलं नाही, काकी."

"आसं कसं? पानी रायलं ना!"

आणि मी अडवायच्या आत त्यांनी टाकीत करंगळी बुडवून जिभेला लावली. मी ओरडलो, "काकी, थुंका आधी! कूलंट विषारी असतं!" त्या थुंकल्या, चूळ भरली आणि शांतपणे म्हणाल्या, "कसलं कूलंट? निस्तं फिकं पानी हाय. चवच नाय. रफिक, तू काय घातलास यात?"

ड्रायव्हर रफिक गाडीला पोटच्या पोरीसारखं जपायचा. तो गडबडला. "काकी, खुदा कसम, चांगलंच घातलं. आपल्या बोरिंगच्या पाण्याने रेडिएटर खराब होतो, म्हणून बॅटरीचं पाणी आणलं. कॅनच्या कॅन ओतले. एकदम साफ!"

साफ! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बॅटरीचं पाणी इतकं शुद्ध असतं की त्यातून करंट जवळजवळ जातच नाही. टाकी भरलेली, पण गाडीच्या लेखी कोरडी. मी हे समजावून सांगेपर्यंत काकी रस्ता ओलांडून पेरूवाल्याकडे पोचल्यासुद्धा. "मिरची नको, निस्तं मीठ दे." मी पेल्यात बॅटरीचं पाणी ओतलं, सेन्सर बुडवला, दिवा लागलेलाच राहिला. काकींनी चिमूटभर मीठ टाकून ढवळलं आणि दिवा विझला! स्टँडवरचे रिक्षावाले जमले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग काय, काकींनी नवं पाणी घेऊन पुन्हा करून दाखवलं, आणि उशिरा आलेल्यांसाठी आणखी एकदा. "बगा, मिठाबिगर जेवन नाय आन् मिठाबिगर गारी नाय!" मिठाची मूठ घेऊन त्या टाकीकडे निघाल्या तेव्हा मात्र मी त्यांचा हात धरला. मिठाने इंजिन आतून गंजलं असतं. ते सगळं पाणी काढलं आणि रीतसर कूलंट भरलं, त्यातून करंट जातो आणि गंजही चढत नाही.

दुसऱ्या दिवशी काकी स्वतः रफिकशेजारी बसल्या, मलाही ओढून नेलं. कळंबोलीचा पूल चढताना अख्खी बस डॅशबोर्डकडे बघत होती. दिवा लागला नाही. भोंग्याच्या आधी गाडी कारखान्याच्या गेटात शिरली, तेव्हा कामगारांनी असा गलका केला की वॉचमन केबिनमधून पळत बाहेर आला. ऑफिसर गेटवरच उभा होता. काकी पदर खोचून खाली उतरल्या आणि त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सायेब, घड्याल बगा." आयुष्यात बरेच बिघाड काढले मी, पण तेवढा आनंद पुन्हा झाला नाही.

पुढे काकींनी दुसरी बस घेतली. मुलगा हाताशी आला, तरी सकाळी गाडी निघाली की नाही हे बघायला त्या उठायच्याच. गेल्या त्याही अशाच एका सकाळी, गाडी निघायच्या जरा आधी. रफिकने फोनवर विचारलं, आज गाडी बंद ठेवू का? मुलगा रडत रडतच ओरडला, "बंद ठेवलीस त आई उठून बसंल!"

रफिकने पहिली शिफ्ट वेळेवर पोचवली. परतीला रात्रपाळीचे कामगार चढले, आणि घरी न जाता त्यांनी गाडी थेट काकींच्या गावच्या स्मशानाकडे घ्यायला लावली. निळ्या युनिफॉर्ममधली, जागरणाने डोळे लाल झालेली ती माणसं एकामागून एक उतरू लागली, तेव्हा मला रडू आवरलं नाही. सगळ्यांत शेवटी रफिक उतरला. इंजिन त्याने चालूच ठेवलं होतं.