विल्मोटांचं घराणं

पडदा वर जातो. बहरीनच्या हूरा वस्तीतला, तिसऱ्या मजल्यावरचा दिवाणखाना. एसीची घरघर. भिंतीवर सोनेरी चौकटीत एक गोरा पाद्री. चित्र बाब अल बहरीनच्या बाजारातलं, आतला माणूस कोण हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. खाली खुर्चीत आमचे शेजारी इलायस विल्मोट, मूळ वसईचे, हॉटेलच्या रिसेप्शनवर जन्म काढून निवृत्त झालेले. हनुवटी चित्रातल्या पाद्र्याइतकीच वर.

रेव्हरंड विल्मोट नावाचा इंग्रज पाद्री आपला खापरपणजोबा, असा त्यांचा दावा. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं आडनाव मुलाला लागायचं, त्यामुळे वसईचे डिसिल्वा काही पोर्तुगालहून आलेले नाहीत, हे इलायसच सगळ्यांना सांगत आणि डिसिल्वांना हसत. हा नियम फक्त विल्मोटांना लागू नव्हता.

मीही हसून सोडून दिलं असतं. पण त्यांच्या जोॲनला इयानशी लग्न करायचं होतं आणि इयान हॉटेलात आचारी. पाद्र्याच्या घराण्यातली मुलगी चुलीपाशी देणार नाही, असं इलायसनी ठणकावलं होतं. इयान दर शुक्रवारी डबा आणी, इंदालाचा, म्हणजे त्यांच्याकडच्या आंबट-तिखट मटणाचा. इलायस त्याला बोट लावत नसत. मीही कनातीच्या नाट्यगृहांतून गावोगाव राजे रंगवले. पण मुकुट पुठ्ठ्याचा आहे हे माझ्या डोक्याला सतत ठाऊक असे.

शेवटी इयानचं तोंड कायमचं बंद करायला इलायसनी पाद्र्याचं मृत्युपत्र इंग्लंडहून आणि पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद जुन्या चर्चमधून मागवली. दोन्ही आल्यावर शुक्रवारी आम्हाला बोलावलं. इयानला तर मुद्दाम. उभं राहून मृत्युपत्र वाचू लागले. आवाज झकास लावला होता, ते मान्य करतो. 'मला मूलबाळ नसल्याने' इथवर आले आणि कागद डोळ्यांजवळ नेला.

त्यांच्या पत्नी टेरेसावहिनींनी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. पाद्र्याने तांब्याची भांडी मानुएल या आपल्या स्वयंपाक्याला दिली होती आणि खिशातलं घड्याळ मानुएलच्या मुलाला, कारण त्या मुलाचा तो धर्मपिता. वहिनींनी चर्चची नोंदही वाचली. पणजोबांचा बाप मानुएल, धंदा स्वयंपाक. विल्मोट हे नाव फक्त धर्मपित्याच्या रकान्यात.

इतकी शांतता मिळवायला आम्हा नटांची हयात जायची. जोॲनने हळूच इंग्रजीत विचारलं, आता हरकत कशाची, डॅडी? इयान खाली मान घालून बसला होता. बिचाऱ्याने जिंकल्याचा आवसुद्धा आणला नाही.

इलायसनी भिंतीवरच्या पाद्र्याकडे एकदा पाहिलं. मग टेबलापाशी आले, डबा उघडला, पाव मोडला आणि रश्शात बुडवून खाल्ला. सावकाश, डोळे मिटून, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम केल्यासारखं. मला वाटलं, आता तरी हनुवटी खाली येईल. कसली येते.

"इयान," ते म्हणाले, "सिरका जास्त पडलाय. आमचं स्वयंपाक्यांचं जुनं घराणं आहे, लग्नाचा इंदाल मी सांगेन तसा करायचा."