जत्रेतली वाकडी बंदूक
रायफल पुसताना तेलाचा वास आला की सोनपेठच्या जत्रेतलं फुगे फोडायचं दुकान आठवतं. मी नेमबाजीत नुकतंच पदक मिळवलेलं आणि दादा फौजेत स्नायपर, त्यामुळं नेम कोणाचा भारी, अशी पैज लागली. दादानं दुकानातली बंदूक डोळ्याला लावून पाहिली. "सरळ हाय. आधी तू मार." माझे तिन्ही छर्रे डावीकडं गेले आणि मी माझ्याच हाताला दोष देत राहिले. मग त्यानं फुग्यांच्या उजवीकडं नेम धरून तिन्ही फोडले. "वाकडी हाय हे तुला दिसलं होतं?" मी विचारलं. "दिसलं. किती वाकडी, ते तुझ्या छऱ्यांवरून कळलं," तो सहज म्हणाला. आता तो सीमेवरून फोनवर "बरा हाय मी" म्हणतो, तेव्हा मला ते खरं वाटत नाही.