येतो म्हणणाऱ्याची सीट

वहिनींना सख्खा दीर एकच, पण वहिनी म्हणणारं अख्खं गाव. दोष त्या दिराचाच. तो विमानतळाच्या गेटवर शिट्टी गळ्यात अडकवून उभा असतो, आणि वहिनींची गाडी दिसली की लांबूनच "वहिनी, बाजूला घ्या, वहिनी, मागे घ्या" सुरू करतो. ते ऐकून आधी टॅक्सीवाले म्हणायला लागले, मग सामान उचलणारे, मग प्रवासीसुद्धा. आता वहिनींचं खरं नाव फक्त लायसनवर उरलंय. नवऱ्याला विचारलं तर तोही क्षणभर अडखळतो.

गाडी मुळात नवऱ्याची. पण तो पडला भला माणूस. समोरून सायकल आली तरी ब्रेक मारायचा आणि तिला हाताने आधी जायला सांगायचा. डोंगर उतरून किनाऱ्यावरच्या गावात पोचेपर्यंत गाडीतली माणसं झोपून उठलेली असायची. वहिनी शेजारी बसून "आता वळवा, आता गिअर टाका, अहो त्याला काय ओवाळताय" असं सांगत असायच्या. त्यामुळे नवऱ्याची पाठ धरली आणि स्टिअरिंग त्यांच्या हाती आलं, तेव्हा निम्मं शिक्षण झालेलंच होतं. नवरा आता घरी शिलाई मशीनवर सीटची कव्हरं शिवतो. दोघंही सुखी आहेत, आणि रस्त्यावरच्या सायकलवाल्यांनी आपली सवय बदलली आहे.

विमानतळ म्हणजे तरी काय, शाळेच्या सभागृहाएवढा एक हॉल. दुपारी एक विमान येतं. ते उतरताना प्रत्येकाला काचेतून दिसतं, तरी विमान उतरल्याचं स्पीकरवरून सांगतात, कारण त्या कामाचा पगार चालू आहे. सरकता दरवाजा एकदा सरकला तो सरकलाच, आता त्याला प्लास्टिकची खुर्ची टेकवून ठेवतात. किनाऱ्याच्या गावाकडे बाण दाखवणारी पाटी आहे. तिचा एक स्क्रू निखळल्यापासून बाण स्वच्छतागृहाकडे वळलाय, आणि नवखी माणसं समुद्र शोधत तिकडे जाऊन येतात.

या हॉलच्या दारात गाडी लावायचा मान फक्त कंपनीच्या चकचकीत मोटारींना. वाटून बसायच्या गाड्या गेटबाहेर. म्हणजे ज्याला अख्खी मोटार परवडते त्याने दोन पावलं चालायचं, आणि ज्याला परवडत नाही त्याने खडीवरून, उन्हातून, बॅगेची चाकं मोडत गेटपर्यंत जायचं. हा हिशेब कुठल्या शहाण्याने मांडला ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण मोडायला कोणी तयार नव्हतं. वहिनी तयार होत्या. त्यांनी आधी अर्ज दिले, मग आवाज दिला, आणि शेवटी विमानतळाच्या साहेबांच्या केबिनसमोरच्या पायरीवर बैठक मारली. जेवायला जाताना साहेबांना त्यांना ओलांडून जावं लागायचं, आणि ओलांडताना प्रत्येक वेळी ते "बघतो" म्हणायचे. सरकारी बघतो म्हणजे डोळे मिटून घेणं, हे वहिनींना पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण पायरी गार होती, बसायला बरी होती.

साहेबच आधी कंटाळले. महिनाभर दारात गाडी लावून दाखवा, म्हणाले, मग ठरवू. अट एकच. सामानाचा पट्टा थांबून बझर वाजला की गाडी सुटलीच पाहिजे, भरलेली असो वा रिकामी. दारात खोळंबा चालणार नाही. अट घालताना साहेब मिशीत हसले म्हणतात. कारण वहिनींची खोड त्यांना माहीत होती. सीट बोलून ठेवलेल्या माणसाला टाकून वहिनी आजवर कधी निघाल्या नव्हत्या. एकदा एका बाईसाठी थांबल्या तर ती बाई दुसऱ्या दिवशी आली, असं गावात सांगतात. वहिनी म्हणतात, संध्याकाळीच आली.

पहिला दिवस उजाडला. नवऱ्याने नवी कव्हरं चढवली, वहिनींनी काच दोनदा पुसली आणि गाडी दारात अशी लावली की कंपनीच्या ड्रायव्हरांना ती बघितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. विमान उतरलं. स्पीकरनेही ते मान्य केलं. गाडीत माणसं बसू लागली. एका घरातल्या दोन जावा, ज्यांचं आयुष्यात एका गोष्टीवर एकमत झालेलं नाही. औषधं विकत हिंडणारा एक सेल्समन, मांडीवर नमुन्यांची बॅग. मागे एक झोपाळू कुटुंब. एक सीट उरली.

तेवढ्यात टोपीवाला एक गृहस्थ आला. गाडी कुठवर जाते, खिडकी उघडते का, चढाला दम लागतो का, सगळं विचारून झालं. सीटवर थाप मारून बघितली. "मस्त आहे," म्हणाला, "येतो हं." आणि हॉलमध्ये गेला.

आता इथे भाषेने घात केला. आपल्याकडे जाणारा माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. आणि खरोखर येणाराही येतोच म्हणतो. वहिनींनी ते येणाऱ्याचं धरलं आणि सीटवर फडकं टाकून ती राखून ठेवली.

थोरली जाऊ म्हणाली की तो गेला. आमचे हे रोज सकाळी येतो म्हणून जातात, ते संध्याकाळपर्यंत दिसत नाहीत.

"पण येतात ना?" धाकटी म्हणाली.

"येतात."

"मग येणारच हाही."

थोरलीने तोंड फिरवलं आणि सेल्समनकडे न्याय मागितला. तो बिचारा म्हणाला, मला काय विचारता, डॉक्टर मला "या" म्हणाले की मी बॅग उचलून बाहेर पडतो. मग हं लावला तर अर्थ कसा बदलतो, यावर बराच खल झाला. निरोपाचा हं लांब असतो असं थोरलीचं म्हणणं, धाकटीच्या मते लांब हं थापाड्यांचा. वहिनींचे कान यांच्याकडे आणि डोळे पट्ट्याकडे. पट्टा कुरकुरला, थांबला. बझर वाजला. केबिनच्या काचेमागे साहेब चहाचा कप घेऊन उभे राहिले.

एकीकडे साहेबांना दिलेला शब्द, दुसरीकडे सीटवर फडकं टाकून दिलेला. एक मोडला तर दारातली जागा जाणार, दुसरा मोडला तर स्वतःच्या गाडीत बसायला तोंड उरणार नाही. वहिनींनी गाडी सुरू केली. दाराबाहेर काढली, खडीवरून नेली, दिराने शिट्टी फुंकून कडक सलाम ठोकला, साहेबांनी कप खाली ठेवला. गाडी गेटबाहेर पडली, वळणाआड झाली आणि एका झाडाखाली गपकन थांबली.

"आलेच," म्हणून वहिनी उतरल्या आणि तरातरा मागे निघाल्या.

"ही तर त्याच्या वरताण," सेल्समन म्हणाला. "आले म्हणते आणि चालली."

टोपीवाला हॉलमध्ये चहाच्या टेबलापाशी सापडला. निवांत बिस्किट बुडवत होता. वहिनींनी विचारलं, येताय ना? तो गोंधळला. तो तर मेहुण्याची वाट बघत होता, मेहुणा मोटार घेऊन येणार होता.

"मग येतो कशाला म्हणालात?"

"अहो, तो निरोप होता."

"निरोप घ्यायला आपली ओळख कुठली?"

मेहुण्याला एखादी जुनीपुराणी व्हॅन घ्यायची आहे म्हणून सहज बघून ठेवली, एवढं तो बोलला, आणि बोलून चुकला. विमानतळाचा पट्टा थांबला होता, पण वहिनींच्या तोंडाचा पट्टा सुटला. जुनीपुराणी कोणाला म्हणालात, तुमच्या मेहुण्याच्या अंगावर तरी अशी कव्हरं आहेत का, इथपर्यंत पट्टा पोचला, तेव्हा मागून आवाज आला.

"बाई, तुम्ही इथे कशा? गाडी तर गेली."

साहेब. गाडी वेळेवर सुटल्याचं अख्ख्या हॉलने पाहिलं होतं, आणि गाडीची ड्रायव्हर हॉलच्या मध्यभागी उभी होती.

"गेली," वहिनी म्हणाल्या.

"मग चालवतंय कोण?"

एका श्वासात चार थापा तोंडाशी आल्या. नवरा चालवतोय, दीर चालवतोय, आणि बरंच काही. पण आपली गाडी दुसऱ्याच्या हातात आहे हे म्हणायला जीभ उचलेना. थाप मारायला त्यांची कधी ना नसते, पण ही थाप त्यांना स्वतःचाच अपमान वाटली.

"माझी गाडी मीच चालवते," त्या म्हणाल्या. "वळणावर उभी केलीय. माणसांसकट."

साहेबांच्या मिशीत तेच हसू आलं. महिनाभर थांबायची आता काही गरज दिसत नाही, ते म्हणाले. "बघतो."

चहावाली थांबली. सामान उचलणारे थांबले. वहिनींना तो बघतो चांगला पाठ होता. पण आज एका येतोवर विश्वास ठेवून शोभा झालीच होती, आणखी एकावर ठेवायला काय जातंय.

"बघता ना?" त्या म्हणाल्या. "मग चला बघायला." आणि टोपीवाल्याची सुटकेस उचलून साहेबांच्या हातात दिली. "ही घेऊन चला. आमची माणसं अशीच चालायची."

सगळ्यांसमोर सुटकेस खाली ठेवावी तर हात थकल्यासारखं दिसणार. साहेब निघाले. मागून टोपीवाला, "अहो, माझी बॅग" करत. खडीवर सुटकेसचं एक चाक रुतलं, दुसऱ्याने असहकार पुकारला. सावली कुठे नव्हतीच. बाहेर पडणाऱ्या कंपनीच्या मोटारीने मागून हॉर्न दिला. ड्रायव्हरने पाठमोऱ्या साहेबांना ओळखलं नाही, खिडकीतून मान काढून बाजूला व्हायला सांगितलं, तेही फार गोड शब्दांत नाही. गेटवर दिराला काय करावं सुचेना. त्याने शिट्टी तोंडात घातली आणि तशीच ठेवली.

वळणावर जावा गाडीतून उतरून पदराने वारा घेत उभ्या होत्या. टोपीखालचा चेहरा कोणी नीट पाहिलेला नव्हता, त्यामुळे वहिनींसोबत सुटकेसवाला माणूस येताना पाहून धाकटीचा चेहरा उजळला. येणार म्हटलं होतं ना मी, म्हणाली. थोरली हरली होती, त्यामुळे तिने राग साहेबांवर काढला.

"आलात का एकदाचे? माणसं इथे भाजून निघाली. घरी असंच करता का?"

साहेबांनी तोंड उघडलं, पण त्यांना घाम पुसायचा होता, आणि थोरलीला अजून बरंच बोलायचं होतं. आपल्या सासऱ्यांचं उदाहरण देऊन तिने वेळेचं महत्त्व सांगितलं. सेल्समनने सुटकेस ओढून आत घेतली. झोपाळू कुटुंबातला एकजण उठून बसला आणि अशा माणसांमुळेच देश मागे राहतो म्हणून पुन्हा झोपला. वहिनींनी खुलासा करायला हवा होता. त्यांनी केला, पण सासऱ्यांचं उदाहरण संपल्यावर.

मग साहेबांची ओळख पटली. थोरली एवढंच म्हणाली, "साहेब असाल. पण उशीर केला तो केलाच."

साहेबांनी बुटातली खडी झटकली. गेटाकडे बघितलं, हॉलकडे बघितलं. मधला रस्ता त्यांच्या ऑफिसच्या काचेतून रोज दिसायचा, तेव्हा तो एवढा लांब नसायचा.

"महिना चालू राहील," ते म्हणाले. "उद्या दारातच लावा. पण बझर वाजला की जायचं. सीट कोणाची राखायची नाही, कोण काय म्हणतोय ते ऐकायचं नाही."

"पैसे आधी दिले तरच राखायची," वहिनी म्हणाल्या.

"तर राखा," साहेब म्हणाले. मग मागे पडलेला टोपीवाला धापा टाकत पोचला, त्याने आपली सुटकेस ताब्यात घेतली, आणि दोघं एकामागे एक उन्हातून परत गेले.

गाडी डोंगर उतरू लागली. खाली समुद्र दिसू लागला की वहिनींच्या गप्पांना ऊत येतो, आज त्या गप्प होत्या. गावाची कौलं आणि होड्यांची रांग दिसली तरी गप्प. थोरलीने विचारलं, बरं वाटत नाही का? जिंकलात की.

"तेच तर," वहिनी म्हणाल्या. महिनाभर पुरेल एवढं भांडण त्यांनी मनात रचून ठेवलं होतं, आणि माणसाने पहिल्याच दिवशी हार मानली. उद्या दारात गाडी लावायची, बझर वाजला की निघायचं. मधल्या वेळात करायचं काय?

शेवटच्या वळणावर बोटी दुरुस्त करायचा धक्का लागला. तिथे म्हाताऱ्यांसाठी लाकडी बाकं मांडलेली होती. वहिनींचा गिअर एकदम हलका पडला.

"त्या दारात बसायला एक साधं बाकडं नाहीये," त्या म्हणाल्या. "माणसांनी काय उभं राहायचं?"

सेल्समनने आरशात त्यांचा चेहरा पाहिला आणि आपल्या बॅगेत डोकेदुखीचं काही आहे का ते चाचपलं. साहेबांसाठी.