मेंढीच्या तुपाचं पातेलं

रेवा, ईशान, तुमचे आजोबा गेले त्या सकाळी हॉस्पिटलातल्या नर्सने त्यांचा हात पुसता पुसता मला विचारलं, "आजी, यांच्या नखांत हे पिवळं काय चिकटलंय? स्पिरिटनंबी जाईना." मी म्हटलं, "मेंढी." तिने बोळा पुन्हा स्पिरिटात बुडवला. माणूस शेवटच्या घटका मोजत होता आणि मला त्या नखांची लाज वाटत होती... तुम्ही फोनवर विचारलंत, आजोबा शेवटी शेवटी काय करत होते. ते सांगते, पण जेवणाच्या टेबलावर वाचू नका.

त्यांची उमेदीची वर्षं बोटींच्या इंजिनरूममध्ये गेली हे तुम्हाला माहीत आहे. निवृत्त होऊन आम्ही बेळगावला, हिंडलगा रोडवरच्या घरात आलो, तेव्हा मला वाटलं, सुटले एकदाची त्या तेलकट कपड्यांतून. पण वेंगुर्ल्याचा बस्त्याव, म्हणजे त्यांच्या बोटीवरचा जुना खलाशी, आता स्वतःच्या लहान बोटीने मासेमारी करायचा. एकदा त्याने आम्हाला बोलावलं. बोट वाळूवर ओढली होती. तिच्या बुडाशी, पाण्यात फिरणाऱ्या पंख्यावर आणि पंख्याच्या दांड्यावर पांढऱ्या टोकदार खवल्यांचा जाड थर होता, चुन्यासारखा कडक, आणि प्रत्येक खवल्यात एक जिवंत किडा. दोन दिवस उन्हात राहून ते सगळं कुजलं होतं. आजोबा पत्र्याने ते खरवडत होते, हिरवट पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि ते खुशीत शीळ घालत होते. मी माडाच्या मागे जाऊन ओकले.

बस्त्याव सांगत होता, "खाडीच्या तोंडार मशीन आराडता, पण बोट जाग्यार. लाट खडकार घेवन जात होती, साहेबानू. डोळ्यांसमोर बायलेचा तोंड इला माझ्या." पंख्यावर असला थर बसला की तो पाणी ढकलतच नाही. बाजारात विषारी रंग मिळतो, तो लावला की किडे मरतात. पण त्याच खाडीत बस्त्यावची बायको तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचायची, आणि आजोबांना तो रंग नको होता. "पुढच्या हंगामाला तुझा पंखा मी स्वच्छ ठेवतो," ते म्हणाले. किळसवाण्या गोष्टींची वचनं द्यायला त्यांना फार आवडे.

आधी त्यांनी निपाणीहून तंबाखूचा भुगा आणून ग्रीसमध्ये कालवला. घरभर शिंका. खवले पूर्वीसारखेच बसले. मग कुठल्याशा जुन्या जहाजावर लोखंडाला लोकरीची चरबी फासायचे, ही आठवण निघाली, आणि सांबऱ्याच्या माळावर मेंढरं चारणारा सिद्राम पोतं घेऊन दारात आला. न धुतलेली लोकर... लेंड्या, काटे, गोचिडांसकट. "आण्णा, ही लोकर आता कोन फुकटबी न्हेत न्हाय. तुम्ही लई हौशी बघा," तो म्हणाला. आजोबांनी ती माझ्या मोठ्या पातेल्यात, मीठ घालून, माझ्या गॅसवर उकळायला ठेवली. ओल्या कुत्र्याचा, गोठ्याचा आणि शिळ्या मटणाचा वास एकत्र करा, तो पडद्यांत शिरला आहे असं समजा. "अहो, हे माझ्या स्वयंपाकघरात?" मी ओरडले. "टीचर, नाकाला फडकं बांधा आणि गॅस बारीक करा," ते म्हणाले. शाळेतून निवृत्त झाले तरी मी त्यांची टीचरच. पाणी निवलं की वर पिवळी चरबी धरायची. ती काढायची, पुन्हा उकळायची, फडक्यातून गाळायची.

माझ्या घरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते. आजोबांनी ती चरबी नेमकी माझ्या अक्षरात 'तूप' लिहिलेल्या रिकाम्या डब्यात भरली. होळीला निपाणीच्या आक्का, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहीण, आल्या आणि त्यांनी डबा उघडून पुरणपोळीवर सढळ हाताने घातलं. पहिला घास घेऊन त्या थांबल्या. "सुमन, तूप वास मारायलंय गं तुझं!" आजोबा हसून हसून खुर्चीवरून घसरले. आक्कांनी त्यानंतर आमच्याकडे तूप कधीच वाढून घेतलं नाही. पातेलं त्या दिवशी मी मागच्या मोरीत हाकललं.

पण ती चरबी लागू पडली. पंखा पॉलिश पेपरने घासून, ब्लोलॅम्पच्या ज्योतीने कोमट करून ती पातळ हाताने लावायची. किड्यांचे पाय तिच्यावर रोवले जात नाहीत, बसलेच तर पंखा फिरला की सुटून जातात. दरवर्षी पावसाळ्यात आमच्या मोरीत गॅसच्या जुन्या शेगडीवर पातेलं चढायचं, आणि मी दरवर्षी नवं फिनेल आणायची.

या वर्षी ते पावसाच्या तोंडावर गेले. त्यांनी हातांनी कुस्करून भिजत घातलेली लोकर तशीच राहिली. पंधरवड्यात तिच्यात अळ्या झाल्या. भेटायला येणारे नाक दाबून "फार सोशिक होते हो" म्हणायचे. सोशिक मी होते. ती लोकर मी फेकूनच देणार होते, तेवढ्यात बस्त्यावचा फोन आला. आधी रडला. मग चाचरत म्हणाला, "वयनीनू, साहेबांचा ता मेंढ्याचा तूप आसा काय? नायतर पंखो परत भरतलो." आणि मला खाडीच्या तोंडावरचा तो खडक आठवला.

भिजलेली लोकर मी पुरली आणि सिद्रामला नवी आणायला लावली. फडकं बांधलं, मीठ घातलं, गॅस बारीक केला. दोनदा ओकारी आली. गाळताना चरबी कोपरापर्यंत ओघळली. डबा घेऊन आंबोली घाट उतरले, ते गाडीच्या सगळ्या काचा उघड्या ठेवून आणि पावसात भिजत. डब्यावर मोठ्या अक्षरात 'खायचे नाही' लिहिलं होतं. बस्त्यावने पंख्याला चरबी लावली तेव्हा मी रुमाल नाकावर धरून उभी होते. त्याने एक पातं कोरडं सोडलं होतं, ते मीच दाखवून दिलं.

गेल्या आठवड्यात त्याने बोट ओढली. पंखा साफ आहे म्हणाला. तुम्हाला वाटेल, आता आजीला तो वास आवडायला लागला असेल. मुळीच नाही. पातेलं मोरीत पालथं आहे, तीनदा घासलं तरी बोट लावलं की चिकटतं. माझ्या नखांतही ती पिवळी रेघ आहे, स्पिरिटने जात नाही. काल फाटकाशी सिद्राम पोतं घेऊन उभा होता. "बाई, पुढच्या साली लागंल म्हनून आणलोय. ठिवू का न्हिऊ माघारी?"

"ठेव," मी म्हटलं. "पण दारात नको. मोरीजवळ ठेव, पातेल्यापाशी."